नवव्याची जागा

नाही हो पाळकसाहेब, राग कसला येतोय मला. सगळेच विचारतात, अजून एक मावला नसता का म्हणून. आठजण बसले होते, तुम्ही नववे आलात, मी हात वर केला, थांबा म्हटलं. ऊन डोक्यावर, हातात ही जड पिशवी, आणि तुम्ही तर असे काटकुळे — नावेला मांजर बसल्याएवढं ओझं झालं असतं. दिसत होतं मला. पण आठ म्हणजे आठ. दोन्ही काठांवर मला ‘आठवाला’च म्हणतात, तुम्हाला येऊन चार महिने झाले, कानावर आलंच असेल. तर आता त्यांना सोडून आलोय, बसा ऐसपैस, अख्खी नाव तुमची. पिशवी तिथं नको, तिथं झिरपतं — हां, त्या फळीवर ठेवा. मी सावकाश नेतो, मला घाई जमत नाही. आणि तुम्हाला माझ्याशी बोलायचंच होतं ना? रविवारचं. ठाऊक आहे मला.

चर्चच्या मंडळीला साठ वर्षं होतात, लोक येणार, आणि म्हाताऱ्याला पुढं उभं करून पुराची गोष्ट सांगायला लावायची — ‘बाबा, तुमच्याच तोंडून ऐकायची आहे.’ आता माझ्या तोंडून म्हणजे काय, साहेब, ती गोष्ट माझी राहिलीय कुठं? ती थोरल्या पाळकांची. तुमच्या आधीच्या आधीचे ते. भला माणूस, आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपलेला दचकून उठायचा. तुम्ही ऐकली असेल तशीच आहे ती — एकतीस वर्षांमागं पाणी चढलं, खालच्या गोदामाच्या छपरावर माणसं अडकली, गावात धड एकच नाव, ती माझी. मी गेलो. आठजणांना घेतलं, शाळेच्या टेकडीवर सोडलं. बरोबर? बरोबर. मागं एक राहिला. परत जाईपर्यंत छप्पर नव्हतं. हेही बरोबर.

पुढच्या रविवारी थोरले पाळक उभे राहिले आणि विचारलं, नोहाच्या तारवात जीव किती वाचले? पोरं ओरडली, आठ! आपल्या नावेत किती? आठ! अख्खं चर्च शहारलं, मी पाहिलंय. म्हणाले, ज्यांची नावं जगाच्या आरंभाआधी लिहिली होती तेवढेच चढले, एक कमी नाही, एक जास्त नाही. अलीकडच्या काठावरच्या चर्चचा शिंपी त्या दिवशी मुद्दाम आला होता ऐकायला — मेला नाही अजून, तो शिंपी, नव्वदीचा झाला तरी वाद सोडत नाही — तो दारातच म्हणाला, पाळकसाहेब, नावाडी धरून नऊ होतात की! लोक हसले. थोरले पाळकही हसले, म्हणाले, नावाडी मोजायचा नसतो शिंपीदादा, नावाडी देवाच्या जागी.

देवाच्या जागी. मला. मला तर सहीसुद्धा येत नाही, अंगठा उठवतो मी.

तेव्हापासून दोन काठांचा वाद माझ्या नावेतून ये-जा करतो बघा. तुमच्या काठाचे म्हणतात, देवानं आधीच निवडले. शिंप्याच्या काठाचे म्हणतात, देव नाव सगळ्यांच्या दारात लावतो, बसायचं की नाही ज्याचं त्यानं ठरवावं, नाही बसला तर दोष त्याचा. भर धारेत भांडतात, नाव हेलकावे खाते, मी म्हणतो अहो आधी काठाला लागू द्या, मग ठरवा कोण बुडणार ते. वाद घालायला आठ आणि वल्हं मारायला मी एकटा. पण ऐकत असतो मी. अडाणी माणसाचे कान मोठे असतात.

आणि गेल्या रविवारी तुमचं ऐकलं. मागं दाराशी होतो. तुम्ही गोड बोलता, थोरल्यांसारखं गरजत नाही. तुम्ही म्हणालात, देव कोणालाही ढकलून देत नाही. काहींना हात देऊन उचलतो आणि बाकीच्यांना नुसता ओलांडून जातो. जागा कोणाच्याच हक्काची नाही, म्हणून ज्याला मिळाली त्यानं आभार मानावेत आणि ज्याला नाही मिळाली त्याला तक्रारीला तोंड नाही. बरोबर ऐकलं ना मी? ओलांडून जातो. हातातली टोपी पडली माझी. पुढच्या बाईला वाटलं, म्हातारा पेंगतोय.

राहिला तो कोण होता, सांगितलं का कोणी तुम्हाला? नसेल सांगितलं. त्याचं नाव कोणी घेत नाही, तो गोष्टीतला ‘राहिलेला’. माझा मेहुणा होता तो. बायकोचा पाठचा भाऊ. कौलं बसवायचा घरोघरी. चर्चला यायचा नाही, रविवारी पत्ते कुटायचा, थोडी घ्यायचा — थोडी म्हणजे थोडीच, शिंपी वाढवून सांगतो. जिभेला हाड नव्हतं, पण माझं घर दोनदा शाकारून दिलं आणि तोंडातून हूं की चूं नाही काढलं. त्यामुळं लोकांना सोपं गेलं बघा. पत्ते कुटणारा राहिला, चर्चला जाणारे चढले, झालं. पण चढलेल्या आठांत एकजण दोन पोती चोरायला गोदामात शिरलेला होता, पाण्यानं अडकला. त्याचं कोणी काढत नाही. त्यानं पुढं चर्चला घंटा दिली.

का नाही घेतलं? नव्हती जागा. एकतीस वर्षं हेच सांगतोय — जागा नव्हती. पुरात नाव जास्त भरता येत नाही, हे पोरसुद्धा समजतं.

हं... त्या बाजूला जरा वाका, साहेब. जपून. बाहेरच्या अंगाला तांबडी रेघ दिसते ना, रंगाची? पाणी तिथवर आलं की पुरे, आणखी माणूस नाही. आठजण बसले की पाणी बरोबर रेघेला लागतं. लोक म्हणतात, म्हातारा किती काटेकोर. दरसाल मीच रंगवतो ती. आता रेघेच्या वर हात फिरवा. चार बोटं वर. लागली? खाच आहे. छिन्नीची. माझ्या बापानं मारलेली — बाप सांगून गेला, पाणी खाचेला टेकेपर्यंत नदी तुझी आहे, त्याच्या वर ती तिची. या नावेच्या सगळ्या फळ्या बदलल्या मी, एकेक करून. ती एक नाही बदलली. का नाही बदलली, मलाही ठाऊक नाही. बदलायला हवी होती.

पुरानंतर पंधरा दिवसांनी रेघ खाचेवरून खाली घेतली मी. बायकोनं रंग कालवून दिला. तिनं पाहिलं मी ब्रश कुठं टेकवला ते. मग कधीच या नावेत बसली नाही ती. चर्च पलीकडे, घर अलीकडे, नवरा नावाडी — आणि ही बाई दर रविवारी वरच्या पुलावरून पायी जायची, पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. लोक विचारायचे तर म्हणायची, मला पाण्याची भीती वाटते. नावाड्याच्या बायकोला!

थांबा, वल्हं जरा ठेवतो. नाही, दमलो नाही. धार आहे, नाव आपली आपण जाते इथं.

पुराच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच. मला कचेरीतून एक कागद आला होता. मला वाचता येत नाही, दिला मेहुण्याच्या हातात, भर चौकात. त्यानं घसा खाकरून वाचला — सरकार नावाड्याला कळवते की नावेला वास येतो म्हणून तक्रारी आहेत, तरी नावाड्याने आठवड्यातून एकदा तरी आंघोळ करावी. आणि मी, साहेब, मी खरं मानलं. म्हणालो, अहो पण मी रोज करतो! चौक हसून हसून लोळला. तोही हसला, मग मला मिठी मारली, म्हणाला, दाजी, रागवू नका, कागद नुसता परवाना वाढवल्याचा आहे. मी हसलो. पण ते आत राहिलं. कुसळासारखं, रुतलं की दिसत नाही, चालताना तेवढं टोचतं.

तर छपरावरून एकेकाला घेतलं मी. बायका आधी, मग बाकीचे. मेहुणा प्रत्येकाला हात देऊन उतरवत होता, म्हणून मागं राहिला — हेही गोष्टीत नाही. आठवा बसला. तो वाकून म्हणाला, काय दाजी, आंघोळ झाली का आज? त्या पाण्यात! सगळे भेदरलेले, तरी एकदोघं हसले. आणि त्यानं पाय उचलला. नावेच्या कडेवर ठेवायला. शिंपी म्हणतो ना, बसायचं की नाही ज्याचं त्यानं ठरवावं — अहो, पाय उचललेला होता त्याचा! मी वल्ह्यानं छपराला रेटा दिला. म्हटलं, जागा नाही. पुढच्या खेपेला.

मारायचं नव्हतं हो मला. देवाशपथ नव्हतं. वाटलं, राहू दे अर्धा तास एकटा, जरा घाम फुटू दे, मग येऊन नेतो आणि मी पण एक टोमणा मारतो. टोमणा ठरवतसुद्धा होतो वल्हवताना. नाव हलकी चालत होती. पुरातही. लोक काही म्हणोत, नाव किती भरलीय ते वल्ह्याला कळतं. पाणी खाचेच्या चार बोटं खाली होतं. मी पाहिलं होतं. रेटा देण्याआधी पाहिलं होतं.

मी ढकललं नाही त्याला. ओलांडून गेलो.

म्हणून विचारतो, साहेब, भांडत नाही. तुमची शिकवण माझ्या किती सोयीची आहे, कळतं का तुम्हाला? ती धरली तर मी कोण? वल्हं. आठ नावं वर लिहिलेली होती, माझ्या हातून झालं एवढंच. सुखानं झोपावं. तीस वर्षं प्रयत्न करतोय झोपायचा. पण लिहिलेलं असतं तर मला दोन टोमणे का सुचले असते? एक मी टाकून दिला, दुसरा बरा वाटला. निवडत होतो मी, साहेब. निवडताना कसं वाटतं, मला ठाऊक आहे.

आणि तुम्ही म्हणता, जागा कोणाच्या हक्काची नव्हती. नव्हतीच. मी घरी बसून राहिलो असतो तर कोणी बोट दाखवलं नसतं. पण एकदा नाव छपराला लावली, माणूस समोर, जागा रिकामी — मग हक्काचं काय विचारायचं? देवाच्या नावेला तर रेघही नसेल. मग तो का रेटा देईल? मला त्या जागी बसवलं होतं थोरल्या पाळकांनी, मी बसून पाहिलंय तिथं. तिथून माणूस कसा दिसतो, पाय उचललेला — मी पाहिलंय. देव माझ्यासारखा नसू दे. एवढंच मागतो मी. तुमच्या पुस्तकात काय असेल ते असो, पण तो माझ्यासारखा नसू दे.

प्रभुभोजनाला, भाकर-द्राक्षारस वाटतात तेव्हा, मी काठावर का थांबतो, विचारलं होतंत ना? नाव राखायला कोणी नको का, असं म्हणालो होतो. या नदीवर नाव चोरणार कोण?

गेल्या थंडीत बायको गेली. शेवटच्या दिवशी म्हणाली, आता सांगा, मी कोणाला सांगायला उरणार नाही. जागा होती? तिचा हात माझ्या हातात होता. मी म्हटलं, नव्हती गं. तिनं मान हलवली. हात नाही काढला. काढायला हवा होता तिनं.

हे सगळं कशाला बोललो मी? तुम्ही ऐकत राहिलात म्हणून. शिंपी असता तर मध्येच तोडलं असतं मला.

आला काठ. दोर टाकतो — घ्या, खुंटीला एक वेढा मारा. वा, शिकलात. किती उभे आहेत? माझी नजर अधू झालीय, तुम्ही मोजा. नऊ? नीट मोजा. नऊच. ती पोर कडेवर घेतलेली धरून? तिच्याशिवाय नऊ.

बरं मग, तुम्हीच सांगा, कोणाला थांब म्हणू? तुम्ही पाळक, शिकलेले. त्या काठीवाल्याला? की मागच्या त्या बाईला, ती उशिरा आली. बोला ना. नुसतं बोट दाखवा, मी सांगतो त्याला.

नाही सांगता येत ना?

चला रे, बसा सगळे. सगळे म्हणजे सगळेच, काठीवाले, तुम्ही मध्ये या. असं काय बघता? आज आठवाला मेला समजा. नदी शांत आहे, घाबरू नका, अजून एक मावतो. मावत होता.

तुम्ही उतरा, साहेब, पिशवी घ्या. पाय जपून, तिथं शेवाळ आहे. आणि इथंच उभं राहून बघा — तांबडी रेघ बुडेल. तिच्याकडे बघू नका, खाच बघा. खाच कोरडी राहिली, तर रविवारी मी येईन, पण गोष्ट नऊजणांची सांगेन, चालत असेल तर उभं करा. दोर सोडा आता. सोडा म्हणतो ना.