डावीकडे ओढणारी सायकल

मिस्त्री : मावशी, राग मानू नका, पण तीनदा पाहिलं. चाकं सरळ, हँडल सरळ, ब्रेक चोख. आता दोष उरतो तो चालवणाऱ्याचा.

लेक : ऐकलंस, आई? महिन्याभरात दोनदा कुंपणात गेलीस. दोन्ही वेळा डावीकडेच.

आई : कुंपण मऊ होतं गं.

लेक : तिसऱ्यांदा भिंत असेल! दादा, तुम्ही ही सायकल परत घ्या. चौसष्टाव्या वर्षी कुणी घेतं का एवढी महागडी सायकल?

आई : चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवले. पायमशीन चालवून चालवून एक इंच पुढे गेले नाही. म्हटलं, आता पाय चालवायचेच तर कुठेतरी पोचायला चालवू.

मिस्त्री : वा मावशी! हे मात्र लाख बोललात.

लेक : तुम्ही तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका हो!

आई : मिस्त्री, इकडे बघा. इथे रंगाला फोड आहे. बाटली अडकवायचा हा स्क्रू अर्ध्यातच अडतो. घेतली त्या दिवसापासून. दिसतं तिथलं काम असं, तर दिसत नाही तिथलं कसं असेल?

मिस्त्री : रंगाचं काय, तो मी लावून देतो. पण एवढ्या नावाजलेल्या कंपनीची फ्रेम वाकडी नसते. मशीनवर तपासून येते. हा बघा कागद.

आई : कागद सरळच आहे. फ्रेम मोजलीत का?

मिस्त्री : नाही.

आई : का नाही?

मिस्त्री : आता काय सांगू... आमचे उस्ताद दोरा लावून मोजायचे. मागचं चाक बसतं त्या एका खाचेपासून दोरा काढायचा, पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत आणायचा. मध्ये सीटची नळी. तिच्यापासून दोऱ्याचं अंतर दोन्हीकडे सारखं भरलं पाहिजे. पण या किमतीच्या सायकलीला दोरा लावला की गिऱ्हाईक हसतं हो.

आई : मी नाही हसत. हा घ्या. कोटाच्या बटणाचा दोरा आहे, तुटायचा नाही. आणि ही टेप.

लेक : आई, हे सगळं तू पर्समध्ये घेऊन फिरतेस?

आई : तू लिपस्टिक घेऊन फिरतेस, मी टेप. धर ते टोक.

लेक : आणि फ्रेम सरळ निघाली तर?

आई : तर सायकल इथेच राहिली. तोंडातून ब्र काढणार नाही मी.

(दोरा ताणला जातो. मिस्त्री टेप लावतो.)

मिस्त्री : उजवीकडे एकोणतीस. डावीकडे... ताई, दोरा ढिला सोडलात का?

लेक : नाही हो, बोट कापायची वेळ आलीय!

मिस्त्री : पंचवीस. चार मिलिमीटरचा फरक.

आई : पुन्हा मोजा.

मिस्त्री : एकोणतीस. पंचवीस. मावशी, फ्रेमच वाकडी आहे. मागचा भाग जोडतानाच तिरका बसलाय. चुकलं माझं. तुमच्यावर ढकलून मोकळा झालो. बोला, काय बोलायचं ते.

आई : वाकडी आहे?

मिस्त्री : हो ना.

आई : ती वाकडी आहे! मी नाही!

लेक : अगं आई, रडतेस काय?

आई : आनंदाने गं. मला वाटलं, मीच कलायला लागले. जिन्यात कठडा धरून उतरायला लागले होते. परवा एक कोटाचं काम आलं, ते परत पाठवलं. म्हटलं, कापताना हात तिरका गेला तर?

लेक : आणि मला काहीच बोलली नाहीस?

आई : तुला बोलले असते, तर तू कात्रीसुद्धा कुलपात ठेवली असतीस.

लेक : ठेवली असती. मी तर न विचारता डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवलीय. फार घाबरले होते गं.

आई : ठाऊक आहे. मीही घाबरले होते.

मिस्त्री : टेपसकट फोटो आत्ताच कंपनीला धाडतो. फ्रेम बदलून दिली नाही, तर गाठ माझ्याशी आहे. तीनेक आठवडे धरा. तोवर दुकानातली ही जुनी न्या. दिसायला खटारा आहे, पण हिची खात्री मी देतो.

आई : एक फेरी मारून येऊ?

मिस्त्री : मला काय विचारता, मावशी?

आई : तुम्हाला नाही. हिला विचारतेय.

लेक : कोपऱ्यापर्यंत. फक्त कोपऱ्यापर्यंत हं.

आई : बरं. पर्स धर माझी.

मिस्त्री : बघा ताई, बघा. कशा सरळ निघाल्या!

लेक : हो. दिसतंय.

मिस्त्री : कोपरा आला. हात दाखवला... अहो, वळल्या की!

लेक : कोपऱ्यापर्यंत म्हटलं होतं मी.

मिस्त्री : हाक मारू? माझा आवाज खणखणीत आहे.

लेक : नको. येऊ दे सावकाश.