उशिराचं आमेन

लोणावळ्याच्या एसटी थांब्यावर दोन म्हाताऱ्या माझ्यापुढेच उभ्या होत्या. ऐकलं तेच लिहितोय, पदरचं फारसं घातलेलं नाही.

"एस्तेरबाई, लेक पुण्याला बोलावतीय, तर जावा की."

"आमचं चर्च सुटत नाही हो, अनसूयाबाई."

"पुण्यात काय चर्च न्हाईत?"

"आमच्या ह्यांचं आमेन आठवतं तुम्हाला?"

"तर काय. सगळ्यांचं म्हणून झालं की मागनं यकटंच यायचं. पार कुसगावातली कुत्री भुंकायची."

"हे गेले, त्याला वर्ष झालं. पण प्रार्थना संपली की पाळक अजून थांबतात. सगळे डोळे मिटून वाट बघतात."

"गेलेल्या माणसाची?"

"हो ना."

"मग वं?"

"मग मी म्हणते. मी पुण्याला गेले, तर ती सगळी तशीच बसून राहतील."