लाळेतलं विकर

वडीगोद्रीच्या थांब्यावर मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं ऐकून विज्ञानाच्या शिक्षिका बेबीनंदाबाई कान देऊन बसल्या.

“डॉक्टरनं गोड बंद केलं, म्हनून गुळाचा खडाबी न्हाई?”

“बिलकुल न्हाई. भाकर चावा. नात म्हनली, लाळेत विकर असतं.”

“अजून एक विकार?”

“विकार न्हाई, विकर! ते भाकरीच्या पिठाची साखर करतं. तोंड मिटून बत्तीस बार चावा.”

म्हातारा चावू लागला.

“तवर ऐका. शहागडला माझ्या बहिनीकडं पंधरा दिवस राहायचं. चालंल ना?”

म्हाताऱ्याचे डोळे एकदम चमकले. त्यानं जोरजोरात मान डोलावली.

“अगं, खरंच गोड लागली! मधी तू काय म्हनून राह्यली व्हती?”

“तुम्ही हो म्हनले. चला जल्दी, शहागडची जीप आली.”