बिननावाची चिठ्ठी

मावशी : मी वाचली नाही म्हणतेय ना पाळकसाहेब! डबा पुसायला घेतला, झाकण निघालं, चिठ्ठ्या खाली पडल्या, त्यातली ही उघडी पडली. आता डोळ्यांवर काय झाकण घालू मी?

पाळक : उघडी पडली तर घडी घालून परत आत टाकायची. तुम्ही ती मुठीत धरून माझ्या खोलीत आलात. मावशी, डब्याची प्रथा इथली जुनी, पण यंदा त्यावर मी लोकांना शब्द दिलाय. वर्षभर मनाला जे टोचलं ते लिहा, नाव घालू नका, कोणी वाचणार नाही, वर्षअखेरच्या उपासनेत सगळ्यांसमोर जाळून टाकू. आज संध्याकाळी ती उपासना आहे. या चर्चमधलं माझं पहिलंच वर्ष, आणि तुम्ही…

मावशी : शब्द तुम्ही दिलात, झाडलोट मी करते. ऐकून तर घ्या.

पाळक : मुळीच नाही.

मावशी : "लिफ्टचा ब्रेक तपासला नाही…"

पाळक : मावशी!

मावशी : "…तपासला म्हणून कार्डावर सही केली. देवा, मला माफ कर." झालं. एवढंच आहे.

पाळक : दार लावा.

मावशी : लावूनच आलेय.

पाळक : कुठली लिफ्ट?

मावशी : ते नाही लिहिलेलं.

पाळक : मग कसं कळणार? गावात लिफ्टा काय कमी आहेत? आणि लिहिणारा कोण, तेही…

मावशी : आपल्या मंडळीत लिफ्टचं काम करणारा एकच माणूस आहे. तुमच्या गायनमंडळात मागच्या रांगेत उभा राहतो आणि सूर लावला की माझ्या पुसलेल्या खिडक्या थरथरतात.

पाळक : खर्जराव?

मावशी : नाव तुम्हीच पाडलंत. आता सगळे त्याच नावाने हाक मारतात, बायकोसुद्धा.

पाळक : तो सज्जन माणूस आहे हो.

मावशी : मी कुठे नाही म्हटलं? सज्जन आहे म्हणून तर लिहिलंय. लबाड असता तर कोरा कागद टाकला असता. आणि लिफ्ट कुठली तेही मला ठाऊक आहे. जरा बसू का?

पाळक : बसा, बसा. पाणी देऊ?

मावशी : नको. नाताळच्या आदल्या दिवशी मी त्याच्या हाती माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, शाल पाठवली. वृद्धाश्रमात. त्याला तिथल्या लिफ्टची वर्षाची तपासणी करायची होती. मी विचारलं, किती वेळ लागेल? म्हणाला, मावशी, नीट करायचं तर तीन तास कुठे गेले नाहीत. चारला तिथे शिरला. आणि पाचला इथे, तुमच्यासमोर, सरावाला उभा! हाताचं ग्रीससुद्धा धुतलं नव्हतं. गाण्याच्या कागदावर अंगठा उमटला होता त्याचा.

पाळक : पाचला…

मावशी : तुम्ही फोन केला होतात ना त्याला?

पाळक : तीनदा. तुमच्याशिवाय सराव उभा राहत नाही म्हणालो. तिसऱ्यांदा आवाज चढला माझा. म्हटलं, लिफ्टसाठी वेळ आहे आणि देवासाठी नाही का?

मावशी : अगं बाई.

पाळक : मला वाटलं, गमतीत घेतलं असेल.

मावशी : आणि आज अकराला काय ठरवलंयत तुम्ही?

पाळक : वृद्धाश्रमात गाणी. वर्षाचा शेवटचा दिवस, म्हटलं सगळ्यांना एकत्र… खालच्या हॉलमध्ये…

मावशी : सगळ्यांना. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्यांनाही. चाकाच्या खुर्चीतल्यांनाही. ते काय जिन्याने येणार आहेत? माझी आक्का सकाळी सातपासून नटून बसलीय. पहिल्या रांगेत बसायचं म्हणून पहिली उतरणार आहे ती. किती वाजले?

पाळक : सव्वादहा.

मावशी : फोन लावा.

पाळक : लावतो. थांबा, लावतो. पण काय सांगू? कोणी सांगितलं म्हणून विचारलं तर?

मावशी : खरं सांगा.

पाळक : खरं काय? आमच्याकडे लोक आपले अपराध लिहून टाकतात आणि आम्ही ते वाचतो? संध्याकाळपर्यंत गावभर होईल. पुन्हा कोण विश्वास ठेवील माझ्यावर? आणि त्या माणसाचा परवाना जाईल. घरात तीन मुलं आहेत. समजा ही दुसरीच लिफ्ट निघाली तर? समजा त्याने नंतर जाऊन ब्रेक दुरुस्तही केला असेल…

मावशी : समजा समजा करत अकरा वाजतील.

पाळक : भीती वाटतेय मला, मावशी. तुमच्या आक्काची वाटायला हवी. पण तुमच्याशी काय लपवू, आधी माझीच वाटली.

मावशी : ती वाटू दे. वाटता वाटता फोन फिरवा.

पाळक : …लागत नाही. कोणीतरी बोलतंय.

मावशी : सणासुदीचे दिवस, सगळ्यांचे नातेवाईक आजच फोन करणार. वर्षभर तोंड दाखवत नाहीत मेले. परत लावा.

पाळक : लागत नाहीये.

मावशी : मी चालत जाते.

पाळक : तुमच्या गुडघ्यांनी अर्धा तास लागेल. मी सायकलवर… कोण आहे? कोण आलं?

खर्जराव : मीच आहे साहेब. गाण्याचे कागद न्यायला आलो. मंडळी बाहेर जमायला लागलीत. काय झालं? मावशी, रडताय का?

मावशी : रडत नाहीये, घाम आलाय. ये आत. हे अक्षर कोणाचं?

पाळक : खर्जराव, आमचं ऐकून घ्या. डब्याचं झाकण निघालं आणि…

खर्जराव : वाचता होय तुम्ही चिठ्ठ्या?

पाळक : नाही! आम्ही कधीच…

खर्जराव : कोणी वाचणार नाही म्हणाला होतात! व्यासपीठावर उभं राहून म्हणालात. मी आठ दिवस झोपलो नाही, साहेब. घास गिळवत नव्हता. ते लिहून टाकलं आणि काल पहिल्यांदा पोटभर जेवलो. वाटलं, देवाला सांगून झालं.

मावशी : देवाला सांगितलंस. देव त्या लिफ्टने जात नाही रे. माझी आक्का जाते.

खर्जराव : मावशी…

मावशी : खरं सांग. किती खराब आहे?

खर्जराव : चालतेय. म्हणजे, त्या दिवशी चालत होती. मजल्यावर बरोबर थांबत नव्हती, दोन बोटं खाली जात होती. ब्रेकचे पट्टे झिजले की असं होतं. उघडून बघायला हवं होतं. वजन भरून पडताळायला हवं होतं. मी स्क्रू काढायला घेतला, तेवढ्यात…

पाळक : तेवढ्यात माझा फोन आला.

खर्जराव : तिसरा. मी म्हटलं, सुट्ट्या संपल्या की येऊन बघू. नवे पट्टेही नव्या वर्षातच मिळणार, दुकानं बंद. सही करून टाकली. मग नाताळच्या सकाळी उपासनेत उभा राहिलो आणि घशातून सूरच निघेना. तुमच्या लक्षात नाही आलं?

पाळक : आलं. मला वाटलं, सर्दी झाली असेल.

खर्जराव : आज लवकर जाणार होतो मी तिथे. खरंच. लिफ्टपाशी उभा राहून दोन-दोनच माणसं सोडणार होतो. मग काही होत नाही.

मावशी : साडेदहाला खाली आणायला लागणार आहेत ते.

खर्जराव : अकरा म्हणाला होतात, साहेब!

पाळक : गाणी अकराला. माणसं आणायला वेळ नको का? एका वेळी दोन खुर्च्या, ढकलणाऱ्या दोन बाया, शिवाय कोणी काठी घेऊन…

खर्जराव : पाच जण? एका खेपेला पाच?

पाळक : लागला! फोन लागला. वाजतोय. मी बोलतो. कोणाचं नाव घेत नाही, फक्त लिफ्ट बंद ठेवा एवढंच सांगतो.

खर्जराव : ऐकणार नाहीत आश्रमाच्या मेट्रनबाई.

पाळक : मी सांगितल्यावर?

खर्जराव : लिफ्टच्या दाराशी माझं कार्ड लावलंय. तारीख घालून, सही करून, सुरक्षित म्हणून. त्या आधी ते बघतील, मग तुम्हाला म्हणतील, साहेब, आठवड्यापूर्वीच तपासलीय, काळजी नका करू. आणि बटण दाबतील. त्या सहीपुढे तुमचा शब्द चालायचा नाही.

मावशी : मग कोणाचा चालेल?

पाळक : उचलला. हॅलो? हो मेट्रनबाई, मीच. तुम्हालाही नवीन वर्षाच्या… एक मिनिट हं. एक मिनिट धरा.

खर्जराव : माझा परवाना जाईल, साहेब.

पाळक : कदाचित जाईल. मी येईन तुमच्याबरोबर, जिथे जाब द्यावा लागेल तिथे. तीन फोन माझे होते. तेही सांगीन.

मावशी : बाबा रे, माझ्या आक्काला लहानपणी आमचे बाबा खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचे, इतकी भित्री होती. त्या लिफ्टमध्ये ती बिनधास्त बसते, कारण मीच तिला सांगितलंय की तपासणारा आपल्या चर्चचा माणूस आहे.

खर्जराव : द्या. इकडे द्या तो फोन.

हॅलो, मेट्रनबाई? मी लिफ्टचा मेकॅनिक. हो, तुमच्या लिफ्टचा. ती लिफ्ट वापरू नका. कार्ड आहे, माहितीय मला. खोटं आहे ते. मी तपासली नाही. सही माझीच आहे, पण तपासली नाही. हो, शुद्धीवर आहे मी… काय? कधी निघाली?

मावशी : काय झालं?

खर्जराव : नाही नाही, मधेच बंद करू नका! बंद केलीत तर सगळा भार त्या ब्रेकवरच लटकेल. कोणीही बटणाला हात लावू नका. येऊ दे खाली. आत किती जण आहेत? पाच.

मावशी : आक्का आहे का विचार.

खर्जराव : फोन ठेवू नका, बाई. दाराशी जाऊन बघा आणि मला ओरडून सांगा.

पाळक : हे प्रभू. हे प्रभू, मला फक्त कार्यक्रम चांगला व्हायला हवा होता.

मावशी : माझा हात धरा. आणि मनातल्या मनात बोला, त्याला फोनवरचं ऐकू येऊ दे.

खर्जराव : दुसरा मजला गेला… हळू येतेय म्हणतात. आवाज कसला येतोय? घासल्यासारखा? हं. हं. पहिला… बाई? बाई, बोला काहीतरी.

पाळक : काय झालं?

खर्जराव : गप्प झाल्यात.

मावशी : अरे, विचार ना!

खर्जराव : बाई! …हं. हं. उघडलं दार? किती खाली? वीतभर? सगळे बाहेर काढा आधी, खुर्च्या दोघांनी उचलून घ्या. सगळे आले? पाचही? मोजा. परत एकदा मोजा, माझ्यासाठी. आता मुख्य बटण बंद करा, आणि ते कार्ड फाडून… नको, फाडू नका. ठेवा. लागेल ते. मी पंधरा मिनिटांत पोचतो. हो, परवाना देणाऱ्या ऑफिसलाही सांगतो मी. माझ्या मालकांनाही मीच सांगतो. सांगणारच आहे, बाई.

(तो फोन ठेवतो.)

मावशी : आक्का?

खर्जराव : होती आत. दणका बसला तेव्हा किंचाळली. आता मेट्रनबाईंवर ओरडतेय, शाल दारात अडकून फाटली म्हणून.

मावशी : फाटू दे. फाटू दे ती शाल. ओरडतेय ना, मग बरी आहे.

खर्जराव : वीतभर, साहेब. दोन बोटांची आठ दिवसांत वीत झाली. दुसऱ्या खेपेला…

पाळक : नका बोलू.

खर्जराव : हत्यारं बाहेरच आहेत, मी निघतो.

पाळक : आम्हीही येतो. मंडळीला सांगतो, आपण जिन्याने वर जायचं. तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्यात उभं राहून गायचं. हे आधीच का नाही सुचलं मला? आपल्याला पाय आहेत की. आणि तुम्ही आज नाही गायलात तरी चालेल.

खर्जराव : आधी लिफ्ट उघडतो. मग बघू सूर लागतो का. त्या ऑफिसला कधी जायचं आपण?

पाळक : सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी. दोघं मिळून.

खर्जराव : भीती गेली नाही अजून. वाटलं होतं, सांगितलं की जाईल.

पाळक : माझीही नाही गेली. आज संध्याकाळी आधी या डब्याची गोष्ट सांगावी लागेल सगळ्यांना. मग चिठ्ठ्या जाळायच्या की परत द्यायच्या, ते त्यांनाच विचारतो.

मावशी : माझं नाव सांगा बेलाशक. आणि एक सांगून टाकते, दर वर्षी दोन-तीन उघड्या पडतातच. मीच पाडते. यापुढे नाही पाडणार.

पाळक : मावशी!

मावशी : आता हिचं काय करू? टाकू परत डब्यात?

खर्जराव : नको, माझ्याकडे द्या. साहेब, पेन आहे का? हिच्यावर नाव घालायचं राहिलंय.