लुंबिनी स्क्रीनच्या बाहेर

आता मला सांगा, बायकोला वेबपेजवरून मी मुद्दाम बाहेर काढलं, असं म्हणता येईल का? अहो, तिच्यासाठीच तर बनवलं ना ते पान... पण मोबाइलात उघडलं की ती जाती उजवीकडं पार स्क्रीनच्या बाहेर, अन् समोर दिसतो मी अन् माझी ढोलकी, तर त्यात माझा काय कसूर?

तुम्हाला सांगतो, आमची लुंबिनी गाती. भीमगीतं, बुद्धगीतं. नायगावच्या बाजारात ती नुसती गुणगुणली तरी भाजीवाला वजन करायचं विसरतो. पण इतकी वर्षं दुसऱ्याच्या गायन पार्टीत गायली, अन् ब्यानरवर तिचं नाव कधीच न्हाई. शेवटी सोडली तिनं पार्टी. सोडली ती सोडली, घरात गाणं बी बंद केलं. भाकरी थापताना सुद्धा आवाज न्हाई हो... माणसानं ती शांतता किती दिवस ऐकायची? म्हणलं, आपली पार्टी काढू. ढोलकी मी वाजवतो, अन् पार्टीचं वेबपेज बी मीच बनवतो.

शिकलो की! इथंच, सिंधु मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासात. एचटीएमएल म्हणजे काय, तर पानावर काय काय हाय ते सांगायचं: हे शीर्षक, हा फोटो, हा फोन नंबर. मी सगळं सांगितलं. नाव मधी यावं म्हणून त्याच्या आधी मोकळ्या जागेचा कोड टाकत गेलो, टाकत गेलो, टाकत गेलो, तवा कुठं क्लासातल्या मोठ्या स्क्रीनवर नाव बरोबर मधोमध आलं. फोटो बी असला मोठा लावला की भिंत भरल्यागत वाटलं. डावीकडं मी, उजवीकडं लुंबिनी. लई खुश झालो.

घरी आलो, पान तिच्या मोबाइलात उघडलं अन् हातात दिलं. ती बघूनच राहिली. मग म्हणली, "ह्यात मी कुठं हाय?"

म्हणलं, "अगं, बोटानं सरकव ना जरा. तिकडं पलीकडं हायस तू. नाव बी तिकडंच हाय."

"म्हणजे इथं बी बाजूलाच," म्हणली, अन् मोबाइल माझ्या मांडीवर ठेवून पाणी भरायला निघून गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी क्लास उघडायच्या आधी मी दारात हजर. सिंधु मॅडमचं बोलणं लई हळू, आजाऱ्याची तब्येत विचारल्यागत: "रविकांतभाऊ... सगळं हाय, पण जागंवर न्हाई. एचटीएमएलनं सामान आणलं, ते मांडायचं कोणी? ते सीएसएसचं काम." म्हणलं, मांडा की मग. तर म्हणतात, "मी न्हाई, तुम्ही मांडा."

बसलो मांडायला. मोकळ्या जागा सगळ्या उपटून टाकल्या, अन् नावाला एका ओळीत सांगितलं, मधी ये. फोटोला सांगितलं, तुझी रुंदी जास्तीत जास्त शंभर टक्के, स्क्रीनच्या बाहेर पाय टाकायचा न्हाई. ऐकलं बगा फोटोनं! पण उंचीला सांगायचं राहिलं, तर आम्ही दोघं नवरा-बायको बांबूवानी लांब. सगळं हाय, पण जागंवर न्हाई. उंचीला म्हणलं, तू रुंदीच्या मागं आपोआप चल. चेहरे माणसात आले. मग नावाला निळा रंग द्यायला गेलो, तर रंग तर आला न्हाईच, मधी आलेलं नाव परत डावीकडं पळालं... कामून? तर आधीच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता. एक ठिपका अन् त्याच्याखाली शेपूट, एवढ्यासाठी मी दुपारचं जेवलो न्हाई!

तेवढ्यात क्लासाच्या दारात लुंबिनी, हातात माझा डबा. बाजूला बसली, स्क्रीनकडं बघितलं अन् म्हणली, "अक्षरं कडेला कामून चिकटली?" पॅडिंग दिलं, आतून जरा मोकळं केलं. "फोन नंबर एवढा खाली? माणूस विहिरीत उतरंल का नंबरासाठी?" नंबर वर आणला. सिंधु मॅडम नुसत्या हसून राहिल्या. मग लुंबिनीनं मोबाइलात पान उघडलं. सगळ्यात वर, मधोमध, निळ्या अक्षरात: गायिका लुंबिनी. त्याच्याखाली फोटो, पूर्ण. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. सरकवलं न्हाई, नुसतं ठेवलं. म्हणली, "खाली लिहा, ढोलकीवर रविकांत." माझ्या डोळ्यात काय गेलं काय माहीत, पुढचा अर्धविराम दिसंना.

अन् तुम्हाला सांगतो, परवा किल्लारीहून फोन आला, लुंबिनीनं स्पीकरवर घेतला. किशनराव म्हणून गृहस्थ, बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमासाठी. "पान बघितलं. नंबर लगेच घावला. बाई, एक कडवं ऐकवता का?" लुंबिनी दारात उभी राहिली अन् फोनवरच गायली. शेजारणीनं नळ बंद केला. माझी बोटं उंबऱ्यावर आपोआप ठेका धरायला लागली. कडवं संपलं. मग किशनराव म्हणले, "बाई, तारीख पक्की. जीप आम्ही पाठवतो."

मी पुढं होऊन विचारलं, "अन् ढोलकी?"

"ढोलकीवाला आमच्या गावातला हाय की," म्हणले. "तुम्ही नुसते आले तरी चालंल."

म्हणलं, हाव, येतो. बाईची पाण्याची बाटली धरायला कोणी तरी पाहिजेच की.