एसेझाबाई माझ्या मयताला आल्या होत्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तालुक्याचे प्रमुख माननीय सेंपिज्जासाहेब, व्यासपीठावर बसलेले रेव्हरंड कागिमु, मदर्स युनियनच्या सर्व भगिनी, मोटारसायकलवर प्रवासी नेणाऱ्या बोडा चालक संघटनेचे तरुण पदाधिकारी, जे एखादा तरी करंडक आणतील अशी आशा आम्ही अजून सोडलेली नाही ते फुटबॉल क्लबचे खेळाडू, चर्चचं बँडपथक, आपल्या मुन्नो मुकाबी मंडळाचे आजी-माजी सभासद, आणि आज आपण ज्यांना निरोप द्यायला जमलो आहोत, पण ज्या अजून जायला मनापासून तयार नाहीत, त्या आदरणीय एसेझाबाई नाकिगुड्डे! सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. मी लॉरीवाला माणूस. सबंध आयुष्य कॉफीची पोती घेऊन मसाकाला जाऊन आलो, आणि रस्ता कुठे वळणार ते आधी सांगायची मला सवय नाही. मागे केळी शिजताहेत, वास इथपर्यंत येतो आहे, त्यामुळे तुम्ही मला फार वेळ सहन करणार नाही हेही मला ठाऊक आहे. तरी जरा दम धरा.

मघाशी आपले खजिनदार काकोझा शिंपी म्हणाले, बाई म्हणजे या गावाची माउली. बरोबर आहे. पण माउली म्हटलं की माणूस गोड बोलणारं असावं असं वाटतं. एसेझाबाई गोड कधी बोलल्या? तुमच्यापैकी कोणाला ऐकल्याचं आठवतंय का? हात वर करा. बघा! रेव्हरंडसाहेबांनीसुद्धा केला नाही.

आपलं क्यामुलिरो केवढंसं गाव! पण मंडळं मोजायला बसलं तर माणसं कमी पडतील. सकाळी जो बँडमध्ये कर्णा फुंकतो तोच दुपारी फुटबॉल क्लबचा सचिव असतो आणि संध्याकाळी शाळेच्या पालक समितीत भांडत असतो. या सगळ्यांची आई म्हणजे आपलं मुन्नो मुकाबी. नावातच सगळं आलं, अडीनडीचा मित्र. हे मंडळ निघालं तेव्हा युद्ध नुकतंच संपलं होतं. पळून गेलेले आम्ही परत आलो तेव्हा घरांना पत्रे नव्हते, दारं नव्हती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गावात एकही मोठं पातेलं उरलं नव्हतं. सगळी शिपायांनी नेली होती. कोणाच्या घरी मयत झालं तर आलेल्या माणसांना खायला घालायचं कशात? तेव्हा एसेझाबाई विधवा होत्या, पदरात लहानगा सामसन, आणि त्या दारोदार जाऊन विचारायच्या, "पातेलं नाही तर नाही, तुमच्याकडे लाकडं आहेत का? पानं आहेत का? हात आहेत ना? मग चला." लोखंडी पिंप कापून पहिलं पातेलं केलं ते माझ्या अंगणात. त्याला वर्षभर तेलाचा वास येत होता. त्यातलं जेवून आम्ही कितीतरी माणसांना माती दिली आणि कोणी तक्रार केली नाही. काय दिवस होते ते! कोणाकडे काही नव्हतं आणि कोणाचं मयत एकटं नव्हतं.

पातेली, खुर्च्या, ताडपत्री, सगळं माझ्या लॉरीतून जायचं. चर्चसमोरच्या झाडाला घंटा म्हणून जी चाकाची रिम टांगली आहे ती माझ्याच लॉरीची. तरुण मुलांना वाटतं ती देवानेच तिथे लावली. थांबून थांबून वाजली की मयत, भराभर वाजली की आग, हे बाईंनी ठरवलं. आणि नियमही त्यांनीच केला. जो दुसऱ्याच्या मयताला जात नाही, त्याच्या मयताला मंडळ जाणार नाही. कडक नियम. त्या वेळी मीच सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या होत्या.

मग माझी बायको फेबे गेली.

अध्यक्षमहाराज, आज रागाने बोलत नाही, पण बोलणार आहे. त्या दिवशी नदीवरच्या पुलाचं उद्घाटन होतं. कंपालाहून मोठे लोक येणार होते, बकरे कापले होते, बँड तिकडे, फुटबॉल क्लब तिकडे, अर्धं मुन्नो मुकाबी तिकडे. इकडे माझ्या घरी बाई आल्या, मागोमाग चार-पाच बायका आणि दोन म्हातारे. खड्डा खणायला माणसं नव्हती. एसेझाबाईंनी अंगावरच्या गोमेसी झग्याचा पट्टा आवळला आणि फावडं हातात घेतलं. आपल्याकडे बायका कबर खणतात का हो? त्यांनी खणली. मी मातीत उभा राहून ओरडलो, "माझ्या वेळेला यातलं एक माणूस माझ्या दारात नको. ऐकलंत? एकसुद्धा नको!" बाई फावडं धुऊन घरी गेल्या.

मी मंडळ सोडलं. लॉरी दिली नाही, कोणाच्या मातीला गेलो नाही. लोक डोक्यावर पातेली घेऊन माझ्या घरावरून जायचे आणि मी कॉफीच्या झाडांत पाठ फिरवून उभा राहायचो. कितीतरी वर्षं. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण रागावण्याचा माझा हक्क होता आणि तो मी आजही सोडलेला नाही. हसू नका काकोझा, तुम्ही पुलावर होतात.

आता खरी गोष्ट. अर्ध्या गावाला माहीत आहे, पण उरलेलं अर्धं तेव्हा जन्मलं नव्हतं.

माझ्या पुढच्या अंगणात फणसाचं जुनं खोड होतं. मुळं पायरीखाली शिरून पायरी उचलायला लागली होती. कुऱ्हाडीला दाद देईना. म्हटलं जाळून टाकू. एका सकाळी मी त्याच्यावर ओंडके रचले आणि भला मोठा जाळ केला. आता मला सांगा, क्यामुलिरोत पुढच्या अंगणात ओंडक्यांचा जाळ कधी करतात? चूल मागे असते. पुढे जाळ पेटतो तो घरात माणूस गेल्यावर, बापये भोवती बसतात तेव्हा. लहान मूलही ओळखतं. पण मी एकटा राहणारा माणूस, माझ्या डोक्यातच आलं नाही. शिवाय त्या दिवशी मी कॉफीत गेलो नव्हतो. म्हणजे रोज सकाळी कुदळ मारणारा हा लुयिंबाझी दिसत नाही आणि अंगणातून धूर निघतोय.

हा धूर चर्चच्या चढावरून बाईंना दिसला. बरोबर काकोझा होते. तिथे काय झालं ते मला पुढे दोघांनीही सांगितलं, आणि दोघांचं एक शब्दही जुळत नाही, तेव्हा मी मला आवडलेलं सांगतो.

काकोझा म्हणाले, "गेला वाटतं म्हातारा. पण बाई, आपल्याला जाता येत नाही. तो कोणाच्या मयताला आला नाही. नियम नियम आहे."

बाई म्हणाल्या, "नियम मी केलाय. मला शिकवू नका."

"आणि त्याने स्वतः सांगितलंय, दारात येऊ नका म्हणून."

"मेल्यावर तो काय दार लावून घेणार आहे? दांडा द्या इकडे."

आणि त्यांनी रिम वाजवली. थांबून थांबून.

मी मागच्या बाजूला पाणी आणत होतो. मी रिम ऐकली. हातातली बादली खाली ठेवली, टोपी काढली. म्हटलं, अरेरे, कोण गेलं? गावात मयत झालं की माती देईपर्यंत कोणी काम करत नाही, ते मी रागातसुद्धा पाळत होतो. म्हणून कुऱ्हाडही बाजूला ठेवली आणि स्टूल घेऊन कुंपणापाशी बसलो. रस्त्याने कोणी जाईल त्याला विचारू, कोणाकडे झालं.

थोड्या वेळाने लोक दिसायला लागले. लाकडाच्या मोळ्या, केळीचे घड, डोक्यावर पातेली, ताडपत्री, खुर्च्या. बायका रडत होत्या. बरेच लोक होते हो! चढापासून वळणापर्यंत माणसंच माणसं. ते माझ्या फाटकात शिरले. मला वाटलं, पलीकडच्या वाडीत जायला मधली वाट घेताहेत. म्हणून मी उठून बाजूला झालो आणि त्यांना वाट करून दिली. माझ्या स्वतःच्या मयताला आलेल्या माणसांना मी वाट करून दिली!

काकोझांच्या खांद्यावर ओंडका होता. त्यांना पुढचं दिसत नव्हतं. मला म्हणाले, "सरका, आजोबा, सरका." मी सरकलो. मग त्यांनी मान वळवून बघितलं आणि ओंडका स्वतःच्याच पायावर टाकला. ती बोंब अजून माझ्या कानात आहे. त्यांची बायको तर माझ्याकडे बघून रडायची थांबेचना. मी म्हटलं, "अहो वहिनी, मी आहे!" तर म्हणते, "ते दिसतंय हो, पण आता सुरू झालंय, लगेच कसं थांबणार?"

मग गर्दीतून एसेझाबाई पुढे आल्या. मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मला वाटलं, आता विचारतील, बरे आहात ना. कुठलं काय!

"तुम्ही मेलेले नाही?"

मी म्हटलं, "नाही. माफ करा."

"मग पुढच्या दारात जाळ कशाला करून बसलाय? अक्कल गहाण टाकलीत का?"

मी म्हटलं, "खोड जाळतोय."

"खोड!" बाई गर्जल्या. "सगळं गाव काम टाकून आलंय, आणि हे खोड जाळताहेत!"

एकजण हळूच म्हणाला, चला मग परत जाऊ. तर बाई त्याच्यावर उलटल्या. मयताच्या घरी आणलेलं अन्न कोणी परत नेतं का? अपशकुन करायचाय का? झालं. माझ्याच जाळावर पातेली चढली. बायका मागून केळीची पानं तोडून आल्या, शेंगदाण्याचा रस्सा झाला, आणि फेबे गेल्यापासून पहिल्यांदा माझ्या अंगणात माणसं बसली. काकोझांनी वाटेत माझ्यावर भाषण जुळवलं होतं. लोक म्हणाले, केलंयत तर वाया का घालवता? लंगडत उभे राहिले आणि बोलले. माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलता येतं हे मला तेव्हा कळलं, आणि त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. पुलावर गेलेले सगळे त्या दिवशी माझ्या अंगणात होते. मी एकेकाचं तोंड बघत होतो. मला राग आठवायचा होता, पण आठवेना. मी मागच्या बाजूला जाऊन रडलो.

तिथे बाई पातेलं घासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "फेबेच्या वेळी गाव कमी पडलं. तुमच्या वेळी पडणार नाही. रिम मी वाजवीन आणि सगळ्यांच्या पुढे मी असेन. हा माझा शब्द."

दुसऱ्या दिवशी मी लॉरी घेऊन मंडळात परत आलो. ते तुम्हाला माहीतच आहे.

आता आजचं. बाईंना दिसत नाही. सगळं धूसर झालंय. गेल्या महिन्यात त्या चहा म्हणून मला मिठाचं पाणी पाजत होत्या आणि मी ते प्यायलो, कारण सांगण्याची छाती नव्हती. कंपालात डोळ्यांचे डॉक्टर आहेत, सामसनचं घर आहे, नातवंडं आहेत. सामसन कितीदा गाडी घेऊन आला आणि रिकामा गेला. आत्तासुद्धा गाडी बाहेर उभी आहे आणि बाई "बघू" म्हणताहेत. मागच्या रविवारी तो माझ्याकडे आला. "काका, आईला तुम्ही सोडा." मी भडकलो. "मी काय तिला बांधून ठेवलंय?" तो म्हणाला, "ती म्हणते, लुयिंबाझींना शब्द दिलाय. ते असेपर्यंत गाव सोडता येत नाही." मी म्हटलं, म्हणजे मी लवकर उरकावं असं तुमचं म्हणणं आहे तर! तो पोरगा हसला नाही. मग मलाही हसू येईना.

बाई, इकडे बघा. दिसत नसलं तरी बघा. तुम्ही काय शब्द दिला होतात? रिम वाजवीन. शब्द देण्याआधीच वाजवलीत. सगळ्यांच्या पुढे असेन. होतात. गाव आणीन. आणलंत. रडणं झालं, भाषण झालं, जेवण झालं. आता राहिलं काय? फक्त माती द्यायची राहिली, ती कोणीही देईल, हे बोडावाले पोरगे धट्टेकट्टे आहेत. मान हलवू नका. एका माणसाच्या मयताला किती वेळा जाणार तुम्ही? मला तुमची आठवण येणार आहे. रोज येणार आहे. सकाळी तुमचा आवाज चढावरून ऐकू आला नाही की मला गाव रिकामं वाटणार आहे. तरी सांगतो, सामसनच्या गाडीत बसा आणि डोळे बरे करून घ्या.

अध्यक्षमहाराज, पाच मिनिटांची पंधरा झाली, त्याबद्दल आपल्या सहनशीलतेचे आभार. हा हॉल दिल्याबद्दल रेव्हरंडसाहेबांचे, मागे चुलीशी घामाघूम झालेल्या भगिनींचे आणि ज्यांचा पाय अजून पावसाळ्यात दुखतो त्या काकोझांचे आभार. बोलताना कोणाला टोचलं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी राग जपून ठेवावा आणि माझ्या खऱ्या मयताला येऊन काढावा. सगळ्यांनी यायचं आहे. एसेझाबाई, तुम्ही सोडून. तुम्ही येऊन गेलात.