पिंगळीनं जावई देऊन टाकला

आमच्या पिंगळीच्या कबड्डी टीमची अक्कल बघायची असंल तर हे ऐका.

गटातले सामने रडतखडत खेळले, अन् गटातल्या शेवटच्या सामन्याआधी कॅप्टन बापू माणसं बदलायला निघाला. माझा जावई गजानन चुडावा गावच्या टीमला देऊन टाकला अन् त्यांचा एक उंच पोरगा घेतला. मी म्हणलं, "आरं, गजा चढाई लय चांगली करतो की."

बापू म्हणला, "काका, घरजावई तो. त्याचं काय कौतुक?"

नेमका शेवटचा सामना चुडाव्यासंगंच पडला. जिंकंल तो सेमीफायनलला जाणार. गुण बरोबरीत, शेवटची चढाई, अन् आला आमचा गजा! एकाला शिवून माघारी वळला, तर पाय घसरून आमच्याच पोरांच्या मधी पालथा पडला. बापू वरडायलाय, "धरा! पाय वढा!" कोणी हलंना. कोपऱ्यातला पोरगा म्हणतो, "गावच्या जावयाचा पाय कसा वढावा, बापूदादा? तुमीच वढा."

बापूनंबी हात मागं घेतले. गजा उठला, चड्डीची माती झटकली अन् रेषा वलांडून गेला.

सामना संपल्यावर बापू तोंड पाडून माझ्याजवळ आला. "काका, जावयानं गावाचं नाक कापलं."

मी म्हणलं, "चार वर्षं तुमच्यात खेळला, तवा त्याच्याकडून मैदान झाडून घेतलं, पाण्याच्या घागरी वाहून घेतल्या. चुडाव्याचा झाला तवाच बरा तुला जावई दिसला रं!"